भर उन्हात लिहिलेलं आत्मचरित्र

कानाच्या पाळीजवळ बारीकसं छिद्र. जुलै १९४९ मध्ये मुंबईच्या एका इस्पितळात नारायण मासुरेकरांना नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं ते छिद्र दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळण्यातलं पोर उचललं, तर छिद्र गायब! शोधाशोध झाली आणि खरं बाळ एका कोळणीच्या कुशीत निवांत झोपलेलं सापडलं. मासुरेकरांची नजर तेवढी तेज नसती तर आपण मासे पकडत असतो, असं सुनील गावस्कर लिहितो. 'सनी डेज'ची सुरुवात ही अशी. देव, नियती, पूर्वपुण्य यांच्या वाटेला न जाता स्वतःच्या जन्मावरच विनोद करणारा माणूस मला तिथेच आवडून जातो.

पुस्तक १९७६ सालचं. तेव्हा गावस्कर जेमतेम सत्तावीस वर्षांचा. आपल्याकडे आत्मचरित्र लिहायचं ते निवृत्तीनंतर, गुडघे आणि वैर दोन्ही निवल्यावर. इथे मात्र अजून घाम वाळलेला नाही. लहानग्या सुनीलने टोलवलेला चेंडू गोलंदाजी करणाऱ्या आईच्याच नाकावर बसतो. ती रक्त धुऊन येते आणि पुढचा चेंडू टाकते. मामा माधव मंत्री यांचा भारताचा स्वेटर घालावासा वाटतो, तर मामा सांगतात, तो कमवावा लागतो. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात ४ कसोट्यांत ७७४ धावा, त्यातल्या शेवटच्या २२० दाढ ठणकत असताना. गुंगी येईल म्हणून वेदनाशामक गोळीसुद्धा मिळाली नव्हती.

सटाण्यात ओट्यावर बसून हे वाचताना गंमत अशी होते, की लिहिणाऱ्याला पुढचं ठाऊक नाही आणि वाचणाऱ्याला सगळं ठाऊक आहे. इंग्लंडविरुद्धची ओव्हल कसोटी अजून व्हायची आहे.

४ सप्टेंबर १९७९. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. मिरवणुकीच्या ट्रॉलीला पताका लावायचं काम मंडपात चाललेलं आणि खळीच्या डब्याशेजारी चामडी वेष्टणातला रेडिओ. लघुलहरींवरचा तो आवाज लाटेसारखा यायचा नि जायचा. आवाज बसला की सेल काढून तळहातावर खसाखसा चोळायचे आणि परत घालायचे, की आणखी दोन-चार षटकं निघायची. जिंकायला ४३८ हव्या होत्या. गावस्कर आणि चेतन चौहान यांनी सलामीलाच २१३ केल्या होत्या. शेवटची वीस षटकं सुरू झाली तेव्हा ११० धावा बाकी आणि गडी एकच बाद. कात्री, खळ, पताका जिथल्या तिथे राहिल्या. एका म्हाताऱ्या बाबांना इंग्रजी कळत नव्हतं, दर खरखरीला ते विचारायचे, "गावस्कर गया का रे भो?" कुणीतरी खेकसायचं, "नही ना बाबा!" वेंगसरकर गेला. मग विश्वनाथला मागे ठेवून कपिलला धाडलं, तो शून्यावर परतला. त्या निर्णयाचा राग मला अजून आहे. तो शांत करायची इच्छाही नाही. ३८९ वर बोथमच्या चेंडूवर गॉवरने झेल घेतला. गावस्कर २२१. बाबांनी पुन्हा विचारलं तेव्हा कुणीच उत्तर दिलं नाही. रात्री अकराच्या सुमारास सगळं संपलं, ८ बाद ४२९. सामना अनिर्णित, ९ धावा कमी. पताका मात्र पहाटेपर्यंत चिकटवाव्या लागल्या.

दुष्काळात सरकारी तिजोरी रयतेला वाटून टाकणाऱ्या यशवंतराव मामलेदारांना देव मानणारं हे सटाणा गाव. माणसाला देव करायची सवय आमच्या अंगातच मुरलेली. गावस्करलाही केलं असतं, पण त्याचं पुस्तक ते करू देत नाही. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्‌सवर १७४ चेंडू खेळून केलेल्या नाबाद ३६ त्यात आहेत, आणि ती खेळी त्यालाही नीटशी उलगडत नाही. १९७६ च्या वेस्ट इंडिजमधल्या किंग्स्टन कसोटीचं प्रकरण तर संतापाने धगधगतं. अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू बसलेला, विश्वनाथचं बोट मोडलेलं, दुसऱ्या डावात भारताचे पाचजण खेळायलाच उतरू शकले नाहीत आणि प्रेक्षक आरोळ्या ठोकत होते. त्या प्रेक्षकांबद्दल गावस्करने वापरलेले शब्द आज कुठलाही संपादक छापणार नाही. मलाही ते खटकतात. पण साठीत लिहिलं असतं तर त्याने ते घासून गुळगुळीत केले असते, आणि मग त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये काय धगधगत होतं हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

अलीकडची खेळाडूंची आत्मचरित्रं मी वाचतो. छपाई सुबक, फोटो रंगीत आणि प्रत्येक पानावर कुणाचे ना कुणाचे आभार. खेळाडूंना एकच विनंती: राग आहे तोवर लिहा. 'सनी डेज' छापून आलं तेव्हा गावस्करच्या ३४ पैकी २६ कसोटी शतकं अजून व्हायची होती.