बधिर बोटांना चटका कळत नाही

उत्तराखंडातील केदारकंठ्याची हिवाळी चढाई करून मुलगा हिंगोलीस परतला, तेव्हा त्याच्या बोटांची टोके बधिर होती. हिमदंश सौम्य होता. डॉक्टरांनी धीर दिला. मात्र शेकोटी, गरम पाण्याची पिशवी आणि चोळणे वर्ज्य सांगितले. बधिर त्वचेला चटका जाणवत नाही, भाजल्यावरच उमगते. म्हणून त्याच्या हात धुण्याच्या पाण्याची ऊब मी माझ्या कोपराने पाहत असे. काही आठवड्यांत संवेदना परतली; थंडीत मुंग्या अजून येतात, तेव्हा तो हातमोजे घालतो.

त्या दिवसांत माझे लक्ष मधुमेही सासूबाईंच्या पायांकडे गेले. तेही बधिरच, आणि पौषात त्यांना शेकोटीची ओढ. आता त्या पायमोजे घालून शेकोटीपासून दूर बसतात. रोज रात्री मी त्यांचे तळवे उजेडात निरखते.