गाढीच्या पाण्याचा जमाखर्च

पनवेलहून सुकापूरमार्गे नेऱ्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाट विचारावी लागत नाही. समोर माथेरानचा डोंगर पसरलेला असतो, एका अंगाला चंदेरी आणि दुसऱ्या अंगाला प्रबळगड. त्या दिशेने चालू लागले की नेरे येते. कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ‘शांतिवन’ याच गावचे. गाव मागे टाकून खोऱ्यात आणखी आत शिरले की देहरंगचे धरण लागते. लोक त्याला गाढेश्वर म्हणतात. माथेरानच्या कुशीतून आलेली गाढी नदी येथे अडवली आहे. खाली उतरल्यावर ती पनवेलच्या अंगावरून खाडीला मिळते.

धरण पनवेलकरांच्या मालकीचे. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेल्या आणि २०१६ साली महानगरपालिका झालेल्या त्या गावाची ही हक्काची पाणपेटी. मुंबईच्या मोठ्या तलावांपुढे ती अगदीच धाकटी. पण जलाशयाची पातळी पाहून पुढचा अंदाज कसा बांधतात, हे समजून घ्यायला असा धाकटा जलाशयच बरा.

नेऱ्यात चहा घेताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आम्ही सहज विचारले, “काय बाबा, यंदा धरण भरले का?”

ते हसले. “अहो, ते दर साल भरतंय. उन्हाळ्यात किती दिवस पुरतं, ते विचारा की!”

बाबांनी सगळा विषयच एका वाक्यात आणून ठेवला. डोंगरउतारावरून पाणी धावत येते, त्यामुळे पावसाळा रंगात आला की धरण सांडव्यावरून वाहू लागते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. आणि उन्हाळा ऐन भरात आला की तेच धरण तळ दाखवते. मग पनवेलला जीवन प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्या पाण्याकडे डोळे लावून बसावे लागते.

असे का व्हावे? जलाशयाची पातळी उभ्या मापनपट्टीवर वाचतात. पट्टी सांगते ती फक्त उंची. त्या उंचीला पाणी किती, हे सांगणारे कोष्टक धरण बांधताना तयार केलेले असते. आता, डोंगरावरून येणारी नदी नुसते पाणी आणत नाही, मातीही आणते. ती तळाशी बसते. पट्टीवरचा आकडा पूर्वीचाच, पण पोटातले पाणी कमी! तांदळाच्या डब्यात खाली मूठमूठ वाळू साठत जावी आणि घरधनिणीने वरून पाहून ‘डबा भरलाय’ म्हणावे, तसलाच हा प्रकार. देहरंगला गाळाचे दुखणे जुनेच आहे. म्हणून होडीतून तळाची खोली पुन्हा मोजून कोष्टक नवे करावे लागते. पूर्वी दोरीला शिसे बांधून मोजत, आता ध्वनिलहरींनी मोजतात.

कोष्टक खरे असले की पुढचे गणित गृहिणीच्या हिशेबासारखे. जमेच्या बाजूला पाऊस. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते १० कोटी लिटर. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर सात लाखांहून अधिक माणसांची एका दिवसाची सोय! अर्थात त्यातले काही जमीन पिते. पहिला पाऊस कोरडी माती बराच गिळते. पुढे माती तृप्त झाली की पडेल ते पाणी धरणाकडे धावते. खर्चाच्या बाजूला नळाचे पाणी, गळती आणि बाष्पीभवन. चौरस किलोमीटरभर पसरलेल्या पाण्यातून रोज ५ मिलिमीटर उडाले, तर ५० लाख लिटर सूर्यनारायणाच्या नावे लिहायचे.

मुंबईचा हिशेबही असाच चालतो. वैतरणा, तानसा, भातसा आदी सात तलाव काठोकाठ भरले की उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. रोज सकाळी प्रत्येक तलावाची पातळी नोंदवतात. तुळशी १३९.१७ मीटरवर आला की भरून वाहतो. १ ऑक्टोबरला शिल्लक किती यावर वर्षाचे भवितव्य ठरते. तूट दिसली की पाणीकपात येते. ही नोंदवही माणसाला नवी नाही. कैरोजवळ नाईलच्या बेटावर ८६१ साली बांधलेला मोजणीचा खांब आजही उभा आहे. पाणी किती चढले, त्यावरून त्या वर्षीचा सारा ठरे. आणि २०२२ साली सोडलेला ‘स्वॉट’ उपग्रह तर आकाशातून लहान तळ्यांचीसुद्धा पातळी मोजतो. पण पाण्याखालचा गाळ त्यालाही दिसत नाही. त्यासाठी होडीच काढावी लागते.

अंदाजाचे दुसरे रूप तासांचे आहे. डोंगर इतका जवळ, की माथ्यावर सर कोसळली तर गाढी बघता बघता फुगते. धरणाच्या परिसरात सहलीला आलेली तरुण मुले बुडाली आहेत आणि पोलिसांना पावसाळ्यात तेथे बंदी घालावी लागली आहे. खाली ऊन पडले आहे म्हणून वर पाऊस नाही, असे समजू नये.

दिवाळीत व्यापारी वह्यांची पूजा करतो, तेव्हा गाढीचीही जमा संपलेली असते. यापुढे जूनपर्यंत खर्चच खर्च. पुढच्या वर्षी ‘धरण भरले’ असे वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा नेऱ्याच्या बाबांचा प्रश्न जरूर विचारा. आणि जोडीला आणखी एक: तळाचा गाळ शेवटचा केव्हा मोजला?