वसंतात भरलेलं धुराडं

लीड्समधलं आमचं भाड्याचं घर लाल विटांचं, पहिल्या महायुद्धाच्याही आधी बांधलेलं. बैठकीच्या खोलीत पूर्वी कोळसा पेटायचा. पुढे कुणीतरी त्याच कोनाड्यात गॅसची शेगडी बसवली. तिचा जळका वायू जुन्या विटांच्या धुराड्यातूनच छपरावर जायचा. २०२१च्या नोव्हेंबरात आई साताऱ्याहून आली आणि दुपारभर त्या शेगडीसमोर विणकाम घेऊन बसू लागली.

आठवड्याभरात तिचं डोकं दुखायला लागलं. मळमळायचं, पायांत जीव नाही म्हणायची. थंडी असेल, प्रवासाचा शीण असेल, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला, तर ९८. मग नाताळच्या सुट्टीत माझा मुलगा आजीजवळ घरी राहिला आणि संध्याकाळी त्याचंही डोकं ठणकायला लागलं. आई सहज म्हणाली, "अगं, बाहेर चालून आले की बरं वाटतं. घरात आले की पुन्हा सुरू."

त्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, दोघांना बाहेर काढलं आणि गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. आलेल्या माणसाने पुरवठा तोडला. रुग्णालयात दोघांच्याही रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळतच नाही. म्हणून तो ९८. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. पण अर्धवट जळण्यातून तयार होणाऱ्या या विषाला ना वास, ना रंग.

दुसऱ्या दिवशी 'गॅस सेफ' या गॅस इंजिनीअरांच्या अधिकृत यादीत नोंदलेला इंजिनीअर आला. त्याने शेगडी भिंतीपासून सोडवली, तेव्हा मागच्या पोकळीतून काटक्यांचा ढीग जमिनीवर घसरला. उरलेल्या धुराड्याखाली त्याने धूर करणारी एक गोळी पेटवली. धूर वर जायला हवा होता. तो जरासा चढला, घुटमळला आणि सरळ आमच्या खोलीत परत आला. आई दारातून बघत होती. "म्हणजे मी रोज हे घेत होते," एवढंच म्हणाली. त्याने शेगडीला 'तात्काळ धोकादायक' अशी चिठ्ठी लावली.

मी घरमालकाला जाब विचारायच्या तयारीत होते. पण त्याच्याकडे कायद्याप्रमाणे वार्षिक तपासणीचा कागद होता, फेब्रुवारीचा, आणि तो खराही होता. फेब्रुवारीत धुराडं मोकळंच असणार. इथे जॅकडॉ नावाचा करड्या मानेचा लहान कावळा वसंतात धुराड्यात घरटं करतो. वरून काटक्या टाकत राहतो, एखादी अडकेपर्यंत, आणि मग त्यावर लोकर, माती, पालापाचोळा. उन्हाळाभर शेगडी बंद, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. आमचं धुराडं साफ करणाऱ्याने हेच सगळं पोती भरून काढलं. वर्षातून एकदा तपासायचं हा नियम योग्यच आहे, पण माझ्या मते ती तपासणी थंडी सुरू होण्याच्या तोंडावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात व्हायला हवी. आता आमची तेव्हाच होते, आणि धुराड्याच्या तोंडावर पक्ष्यांसाठी जाळीही आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आमच्या खोलीत नव्हता, कारण भाड्याच्या घरात गॅसच्या शेगडीसाठी तो तेव्हा सक्तीचा नव्हता. इंग्लंडमध्ये ती सक्ती १ ऑक्टोबर २०२२पासून झाली. पण अलार्म आहे म्हणून धुराड्याची तपासणी टाळता येत नाही.

आई साताऱ्याला परतली आणि पहिलं काम तिने काय केलं, तर न्हाणीघरातला गॅस गीझर काढून बाहेरच्या भिंतीवर बसवून घेतला. बंद न्हाणीघरात तोच वायू साठतो, आणि तिथे तर बहुधा धुराडंही नसतं.

घरात एकाहून अधिक माणसांचं डोकं दुखत असेल आणि बाहेर पडल्यावर ते थांबत असेल, तर गोळी शोधत बसू नका. गॅस बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडचा संशय स्वतःहून सांगा.