खापर साथीच्या माथी

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये चिनी चेहऱ्याच्या माणसांवर थुंकणं, शिवीगाळ, मारहाण सुरू झाली तेव्हा माझं मत ठाम होतं: ही भीती आहे, द्वेष नव्हे. लस येईल, साथ ओसरेल आणि हेही ओसरेल. मैत्रिणींशी तावातावाने वाद घालून मी हे मांडत असे. आज माझं मत नेमकं उलट आहे.

मी क्वीन्समधल्या एल्महर्स्टमध्ये राहते. इथे चिनी, थाई, नेपाळी, फिलिपिनो, बांगलादेशी, कोलंबियन कुटुंबं एकाच जिन्याने चढउतार करतात. आमच्या हॉस्पिटलबाहेर मृतदेहांसाठी शीत ट्रक उभा होता तेव्हा आत सगळ्याच देशांची माणसं दगावत होती. संशय मात्र एकाच चेहऱ्यावर. अध्यक्ष ट्रम्प ‘चिनी विषाणू’ म्हणत होते, आणि वाण्याच्या दुकानातल्या रांगेत आपलीच माणसं ‘ते लोक काहीही खातात हो’ म्हणत होती.

पुढे शास्त्रज्ञांनी विषाणूची जनुकीय वंशावळ तपासली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तो मुख्यतः युरोपातून आल्याचं दिसलं. म्हणून काही लोक इटालियन माणसापासून चार हात लांब बसू लागले नाहीत. नुसती भीती असती तर तिने निदान दिशा बदलली असती.

देशातली पहिली लस १४ डिसेंबर २०२० रोजी आमच्याच क्वीन्समध्ये टोचली गेली. आणि शहराच्या पोलिसांकडे आशियाई लोकांविरुद्धच्या द्वेषगुन्ह्यांची नोंद २०२० मध्ये २८ होती, ती २०२१ मध्ये शंभराच्या वर गेली! आमच्या वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी साथीत डोळे दिसू नयेत म्हणून मास्कवर काळा चष्मा लावायच्या, टोपी कपाळावर ओढायच्या, आणि मागून कुणी रुळांवर ढकलू नये म्हणून फलाटावर खांबाला पाठ टेकून उभ्या राहायच्या. मास्क गेला. खांबाला पाठ टेकणं गेलं नाही.

मग मी मागचं वाचू लागले. सॅन फ्रान्सिस्कोत १९०० मध्ये प्लेगचा एक चिनी रुग्ण मेला आणि रातोरात चायनाटाउनला वेढा पडला. नंतरच्या वेढ्यात तर गोऱ्यांची दुकानं वगळून हद्द आखली होती. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत तयार केलेली प्लेगची लस टोचून घेतल्याशिवाय चिनी-जपानी माणसांनी शहराबाहेर जायचं नाही, असा हुकूम निघाला; गोऱ्यांना ती अट नव्हती. अखेर न्यायालयाने हे मोडून काढलं. पण चिनी मजुरांना देशाची दारं बंद करणारा कायदा १८८२ चा, म्हणजे प्लेगच्या अठरा वर्षं आधीचा. साथीने द्वेष जन्माला घातला नाही, त्याला फक्त निमित्त दिलं.

आणि आपलंच उदाहरण घ्या. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्यांनी भारतीयांना हुसकावून लावण्याची धमकी वर्तमानपत्राला पत्र पाठवून दिली. नावातला ‘डॉट’ म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका पारशी बँक अधिकाऱ्याला टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. तेव्हा कुठली साथ होती?

म्हणून ‘हा चिन्यांचा प्रश्न, त्यात आपण कशाला पडा’ हे मला आता ऐकवत नाही. न्यू जर्सीत जानेवारी २०२२ मध्ये कायदा झाला, शाळांत आशियाई-अमेरिकनांचा इतिहास शिकवायलाच हवा असा. तिथे राहणाऱ्या मराठी आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या शाळा-मंडळाच्या पुढच्या बैठकीला जा, आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं १९०० आणि जर्सी सिटीतलं १९८७ मुलांना कुठल्या इयत्तेत शिकवता, ते उभं राहून विचारा.