कोणत्या जत्रेची सुपारी

“ताई, तुमच्या एजंटचा नंबर द्याल का?” नाशिकची एक मुलगी गेल्या महिन्यात विचारत होती. घरी डीजेचा कंट्रोलर आहे, दोन वर्षं सराव झालाय, चार मिक्स नेटवर टाकलेत. आता कुणीतरी कामं आणून दिली की झालं, असं तिचं म्हणणं. दहा वर्षांपूर्वी पुण्यात मीही हेच मागत फिरत होते. तिला काय सांगावं याचा विचार करत बसले, तर डोळ्यांपुढे आली मामाची राहुटी.

माझं आजोळ नारायणगावचं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. मामा एका फडाचा मॅनेजर. सतरंजीवर वह्या उघडून बसलेला, शेजारी पानाचा डबा. सुट्टीत मी त्याच्या मागं बसून ऐकत राहायचे. पैशाची घासाघीस व्हायचीच, पण ती नंतर. आधी त्याचे प्रश्न असायचे. जत्रा कोणत्या तिथीला? गेल्या वर्षी कुणाचा फड होता? लोक वग शेवटपर्यंत बघतात की गाणी झाली की उठतात? मैदानापर्यंत ट्रक जातो का? आणि हटकून एक : बायामाणसांना उतरायला जागा कुठं देणार? एकदा चांगली रक्कम घेऊन आलेल्या गावकऱ्यांना त्यानं सरळ शेजारच्या राहुटीत पाठवलं. “त्यांना नुसती गाणी पाहिजेत,” ते गेल्यावर म्हणाला, “आपला वग तिथं पडंल.”

हे ऐकतच मी मोठी झाले, तरी स्वतःच्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही. पन्नास-साठ एजन्सींना मेल केले. त्यात लिहायचे : हाउस, टेक्नो, हिपहॉप, बॉलिवूड, सगळं वाजवते. यादी जितकी लांब तितकी कामं जास्त, असं वाटायचं. एकाचंच उत्तर आलं. त्यानं ‘नोंदणी’ आणि फोटोशूट म्हणून पंचवीस हजार मागितले, मी उसने काढून दिले. वर्षभरात मिळाले दोन संगीत समारंभ. ते पैसे फेडायला मला त्याहून जास्त काळ लागला, म्हणून आता भेटेल त्या नवख्याला हे सांगते : खरा एजंट आधी काही मागत नाही. काम झालं की तुमच्या फीतून त्याचा वाटा घेतो. तो साधारण दहा ते वीस टक्के असतो. बहुतेकांचा पंधरा.

मग मी मेल बंद केले आणि एका छोट्या बारमध्ये दर गुरुवारी वाजवायला लागले. पैसे रिक्षा आणि जेवणापुरते. आमच्या धंद्यात याला रेसिडेन्सी म्हणतात, आणि माझ्या मते आमची खरी शाळा तीच. फ्रँकी नकल्स 1977 पासून शिकागोच्या ‘वेअरहाउस’मध्ये आठवड्यामागून आठवडे वाजवत राहिला, हाउस संगीताला नाव मिळालं ते त्या जागेवरून, असं मानतात. न्यू यॉर्कच्या ‘पॅराडाइज गॅरेज’ची ओळख होती लॅरी लेव्हान, 1987 मध्ये ती जागा बंद होईपर्यंत. तीच जमीन, तीच माणसं, त्यांचे तेच थकलेले खांदे पुन्हा पुन्हा बघत वाजवलं की आपल्या हाताला एक वळण लागतं. घरी हेडफोन लावून ते लागत नाही.

गुरुवारी माझी वेळ साडेनऊ ते अकरा, म्हणजे वॉर्मअप. मोकळ्या फ्लोअरसमोर वाजवायचं. माणसं टेबलांवर, ताटात जेवण. अशा वेळी गाजलेली गाणी लावून गर्दी खेचता येते, पण मग पुढच्याला उरतं काय? मी मिनिटाला 116 ठोक्यांपासून सुरू करायचे आणि दीड तासात 121 पर्यंत जायचे. बेस दाबून ठेवायचा, एवढा की लोकांना तो हवाहवासा वाटेल पण मिळणार नाही. पाऊणएक तासानं कुणीतरी ग्लास हातात घेऊनच उठतं, मग दुसरं. पहिली दोघं उठली की लगेच जोर करायचा नाही, नाहीतर ती बावरून परत बसतात. मिक्सरचे दिवे हिरव्यातच ठेवायचे. लाल मी कधी पेटू दिला नाही, कारण पुढच्याला चढायला जागा लागते. शेवटचा ट्रॅक असा निवडायचा, ज्याच्या अखेरीस नुसते ड्रम उरतात. पुढच्या माणसाला त्यावर आपलं संगीत निवांत बसवता येतं.

अशाच एका गुरुवारी मुख्य पाहुण्याबरोबर त्याची एजंट आली होती. ती भिंतीला टेकून पूर्ण दीड तास ऐकत होती. माझा सेट संपल्यावर ती फॉलोअर्सचं काही बोलली नाही. तिनं विचारलं, “फक्त तुझ्यासाठी येणारी किती माणसं आहेत इथं?” मी म्हटलं, तीसेक, आणि निम्म्यांची नावं मला माहीत आहेत. “कुठं वाजवणार नाहीस?” याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. मग म्हणाली, “रात्री घरी कशी जातेस?” त्या प्रश्नासरशी मला मामाच्या सतरंजीवरच्या वह्या दिसल्या.

तिनं दिलेला करार दीड पानाचा होता, तरी मी तो दोनदा वाचला. पंधरा टक्के, एक वर्ष, फक्त भारतापुरता. सोडायचं झालं तर दोन महिन्यांची सूचना. अर्धी फी जमा झाल्याशिवाय पोस्टरवर नाव नाही. एका शहरात वाजवलं की तिथंच पुढचे चार आठवडे दुसरीकडे वाजवायचं नाही. हे कलम प्रमोटर मागतात, कारण त्यांना तिकिटं विकायची असतात. आणि रायडरमध्ये, म्हणजे माझ्या मागण्यांच्या यादीत, मिक्सर, प्लेअरच्या वरती पहिली ओळ : हॉटेलपासून क्लबपर्यंत आणि परत, तीच गाडी, तोच ड्रायव्हर.

पहिल्या सहा महिन्यांत चार तारखा मिळाल्या. सात तिनं नाकारल्या. त्यातली एक गोव्यात, डिसेंबरात, किनाऱ्यावर, फी माझ्या तोवरच्या कमाईत सगळ्यात मोठी. मी फोनवर चिडले. ती म्हणाली, “उघड्यावर रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो. ते तुला सातचा स्लॉट देतायत. तुझं संगीत दहानंतर चढतं, सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्यांपुढे ते वाया जाईल.” त्याच आठवड्यात तिनं मला बंगळुरूला एका बंदिस्त हॉलमध्ये पाठवलं. शंभर-सव्वाशे माणसं, फी गोव्याच्या निम्मी, पण वेळ चार तास. तिसऱ्या तासाला बेस सोडला तेव्हा अख्ख्या खोलीनं एकदम श्वास टाकलेला मी ऐकला. त्या आयोजकांनी पुढं मला तीनदा बोलावलं.

नाशिकच्या मुलीचे चारही मिक्स मी ऐकले. तीन कुणाचेही असते. चौथ्यात मात्र मधली वीस मिनिटं संथ, दमदार, घाई अजिबात नाही. तिथं ती कोण आहे ते ऐकू येतं. तिला तसं लिहिलं. नंबर नाही दिला. माझ्या गुरुवारातली पहिली वेळ दिली, साडेनऊ ते अकरा.

“फ्लोअर रिकामा असेल,” मी म्हटलं.

“चालेल. सव्वानऊला पोचले तर?”

“सातला साउंडचेक असतो. ये, आधी जेवून घेऊ. परतायला रात्रीची गाडी नको धरूस, माझ्याकडे राहा.”