निर्मळ ते कळंब : वाडीतली वाट

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस उतरून रिक्षाने निर्मळच्या दिशेने निघाले, की बराच वेळ इमारतींची दाटी सरता सरत नाही. मग केव्हातरी रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना केळीची पाने हलू लागतात आणि हवेला ओल्या मातीचा गारवा येतो. आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी मला रोज थोडे चालण्यास सांगितले होते. सोसायटीच्या आवारातील फेऱ्यांना कंटाळून नोव्हेंबर २०२१ मधील एका बुधवारी सकाळी मी निर्मळच्या तळ्याकाठी उतरले आणि कळंबच्या समुद्राची वाट धरली.

ही वाट सपाट आणि सावलीची आहे. दम लागला तर टेकायला एखाद्या विहिरीचा कठडा मिळतो. वाडी म्हणजे केवळ बाग नव्हे. घर, विहीर, केळी, पानवेली, अळूचे वाफे आणि फुलझाडे यांचा तो एक संसारच असतो. जवळपास कुठेतरी बावखल असते. पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणाऱ्या या खोलगट तळ्यांवर वाडीच्या विहिरींची भिस्त असते. कित्येक बावखले बुजवून त्यांवर घरे उभी राहिली. जी उरली आहेत त्यांच्या काठी उभे राहिले, की या पट्ट्यासाठी ‘हरित वसई’ची चळवळ का लढावी लागली हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या चळवळीतील अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी सारे जग दारे लावून बसले.

एका वाडीच्या फाटकापाशी एक मावशी केळीच्या पानांत जास्वंदीच्या कळ्या बांधत होत्या. मी पाणी मागितले. त्यांनी बसायला पाटही दिला. सोनचाफा, मोगरा, जास्वंद, तुळस असा त्यांचा माल पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातो. सकाळी नऊनंतर त्या फुलाला किंमत नसते, हे त्यांनी अगदी सहज सांगितले. पण त्याआधीच्या दीड वर्षाचा सारा हिशेब त्या एका वाक्यात होता.

२३ मार्च २०२० रोजी लोकल थांबली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, परंतु फुलवाली त्या यादीत नव्हती. २१ ऑक्टोबरपासून महिलांना प्रवासाची मुभा मिळाली, ती सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि सायंकाळी सातनंतर. कोमेजलेली फुले घेऊन अकराच्या गाडीने कोण जाणार? शिवाय देवळांना कुलूप होते. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळे उघडली आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून सकाळी सातपूर्वीच्या गाड्या सर्वांना खुल्या झाल्या. कुठे जम बसतो तोच एप्रिलमध्ये दोन्ही पुन्हा बंद. त्यावर १७ मे रोजी तौक्ते वादळाने उभ्या केळी आडव्या केल्या.

‘‘मग लशीचं आलं,’’ मावशी म्हणाल्या. १५ ऑगस्टपासून लोकलचा पास मिळू लागला तो दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर होते. ज्यांना पहिली मात्रा उशिरा मिळाली, त्यांची गाडीही तितकीच लांबली. शहरात आपण लशीकडे संरक्षण म्हणून पाहिले. वाडीत ती पहाटेच्या गाडीची परवानगी होती. गावाजवळचे आरोग्य केंद्र नीट चालणे म्हणजे काय, हे मला त्या पाटावर बसून प्रथम कळले.

आम्ही बोलत असतानाच हातात नोंदवही घेतलेली एक आशा सेविका तिथे आली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन ती याच वाटेने दारोदार हिंडली होती. राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी मानधनवाढीसाठी जून २०२१ मध्ये संप केला, हे अनेक वाचकांना आठवत असेल. टाळ्या आणि थाळ्यांनी कोणाचे घर चालत नाही. आता ती वेगळ्याच गोष्टीच्या शोधात होती : टाळेबंदीत रक्तदाबाच्या गोळ्या सुटलेली माणसे आणि लसीकरण चुकलेली बाळे. ‘‘काका, गोळी चालू आहे ना?’’ तिने आतल्या पडवीकडे पाहून विचारले. उत्तर लवकर आले नाही. काकांची गोळी मार्चपासून बंद होती. ‘बरे वाटते’ म्हणून. रक्तदाब बरे वाटत असतानाच वाढत राहतो, हे तिने त्यांना न रागावता, पण दोनदा समजावले आणि शुक्रवारी केंद्रात येण्याचे कबूल करवून घेतले.

इथे मला माझीच लाज वाटली. टाळेबंदीत आमच्या सोसायटीच्या दारी अशाच एका वाडीचा टेम्पो येई. भाजी ताजी, भाव रास्त आणि पैसे रोख. बाजार खुला झाल्यावर आम्ही हळूहळू त्याला विसरलो. जो अडीअडचणीला आला, त्याला सोय संपल्यावर सोडून दिले. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. ‘‘वीस घरांनी आठवड्यातून एकदा नक्की सांगितलं, तरी आम्हाला रोप किती लावायचं ते कळतं,’’ एवढेच म्हणाल्या. मदतीची ही व्याख्या मला देणगीपेक्षा अधिक पटली.

निघताना त्यांनी सुकेळी दिली. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेला हा वसईचा मेवा. चव अवीट, पण साखर भरपूर. मधुमेह असणाऱ्यांनी तुकड्यावरच थांबावे. मी मात्र दोन खाल्ली.

पुढे सुरूच्या झाडांतून समुद्राचा आवाज येऊ लागला. कळंबच्या वाळूत मी पंधरा मिनिटे बसले. दम लागला नव्हता. परतताना फाटकापाशी मावशींनी आमच्या इमारतीतील घरांची संख्या विचारून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बुधवारच्या चौकटीत लिहून घेतली. ‘‘केळफूल ठेवू का पुढच्या खेपेला?’’ त्यांनी विचारले. मी चार सांगितली.