भिसीतला डबा

भिवंडीतल्या नारपोलीत आशा सेविका म्हणून माझ्या वाट्याला जी गल्ली आली, तिथे दुपारी पुरुष भेटतच नाही. भेटला तर झोपलेला. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. दिवसपाळीचा कारखान्यात, रातपाळीचा दहा बाय दहाच्या खोलीत तोंडावर गमछा टाकून आडवा. माझी फिरायची वेळ नेमकी तीच. म्हणून पिशवीतलं सगळं मी बायकांच्याच हातात देत आले. लोहाच्या गोळ्या, माला-एन ही गर्भनिरोधक गोळी, ओआरएसची पाकिटं त्यांना, ते ठीकच. पण निरोधही त्यांनाच. वस्तू पुरुषाने वापरायची. ती मागायची, लपवायची, रात्री आठवण करायची ती बाईने. हे उलटं आहे हे ध्यानात यायला मला तीन वर्षं लागली.

मला ते लवकर कळायला हवं होतं, कारण माझं स्वतःचं तसंच झालं होतं. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मी चोवीस वर्षांची. ज्या दवाखान्यात होते तिथे सकाळी एका बाईंनी कागद पुढे केला, "दोन झाली ना? सही कर, पुन्हा यायला नको." मी सही केली. माझे यजमान तेव्हा माणकोलीच्या गोदामात टेम्पोवर होते, संध्याकाळी आले तोवर टाके पडले होते. ऑपरेशनचं मला दुःख नाही, आम्हाला दोनच हवी होती. पण तांबी असते, इंजेक्शन असतं, निरोध असतो, नवऱ्याची नसबंदी तर बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. बारावी झालेली मी. मलाही विचारायचं सुचलं नाही.

पुढे प्रशिक्षणात आकडे ऐकले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर विवाहित बायकांमागे जवळजवळ अडतीस जणींचं ऑपरेशन झालेलं. निरोध वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. आणि पुरुष नसबंदी? ०.३ टक्के. सगळ्या वर्गात शांतता होती. आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणी त्या अडतीसातल्याच असाव्यात.

आशांनी घरोघर साधनं पोचवायची योजना २०११ साली आली. तीन निरोधांच्या पाकिटाला एक रुपया घ्यायचा असं ठरलं. सरकारी दवाखान्यात ते फुकट. रुपयाचं मला आधी वाईट वाटायचं. मग पाहिलं की रुपया दिला की बाई ताठ होते. फुकट घेताना ती दाराआडून हात काढायची. रुपया मोजून देताना दारात उभी राहून पाकिटावरची तारीख वाचायला लागली. तारीख वाचायला मीच शिकवलं होतं.

पण पाकीट पोचलं म्हणजे साधन पोचलं असं नाही. आमच्या गल्लीत छतं पत्र्याची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या फळीवर हात ठेववत नाही. तिथे, देवाच्या फोटोमागे, पोरांचा हात पोचू नये म्हणून उंचावर बायका पाकिटं ठेवायच्या. उष्णतेने लॅटेक्स खराब होतं, पाकिटाच्या पाकिटात मऊ पडून फाटतं. खिशातल्या पैशांच्या पाकिटात निरोध महिनोन्‌महिने दाबून ठेवला तरी तेच. मी सांगायला लागले: माठाच्या तिवईखाली, तांदळाच्या डब्यात, जिथे सावली आणि कोरडं असेल तिथे. एका घरात सासू रोज तांदूळ काढायची, तिथे तांदळाचा डबा चालणार नव्हता. त्या सुनेने मसाल्याच्या बरणीमागची जागा शोधली. जागा शोधणं हाही संततिनियमनाचा भाग आहे, आणि तो कुठल्याही तक्त्यावर छापलेला मी पाहिला नाही.

एक तेलुगू वहिनी मला अक्का म्हणते. ती एका सकाळी माझ्या घरीच आली, केस न विंचरता. निरोध फाटला होता. मी विचारलं, काही लावलं होतं का? खाली बघत म्हणाली, खोबरेल. तिला त्रास होत होता, म्हणून नवऱ्यानेच लावलेलं, काळजीने. खोबरेल, व्हॅसलीन, कुठलंही तेलकट लागलं की लॅटेक्स थोड्याच वेळात कमकुवत होतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार? मी पाकिटं देत होते, तारीख दाखवत होते, तेलाचं बोलले नव्हते. चूक माझी. तातडीची गोळी माझ्या पिशवीत होती. बहात्तर तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी चांगली, म्हणून तिथेच, माझ्या ओट्यापाशी, पाण्याबरोबर दिली. नेहमीसाठी ही गोळी नाही, हेही सांगितलं. तारखेनंतर आठ दिवस गेले तरी पाळी आली नाही. त्या आठ दिवसांत ती रोज मला रस्त्यात गाठून नुसती मान हलवायची, नाही अजून. मग गर्भचाचणीचं निश्चय किट लावलं, एकच रेघ आली, आणि दोन दिवसांनी पाळीही. नसती आली तरी वाट होती. साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ काढून घ्यायला १९७१ चा कायदा मुभा देतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून त्या कलमात बाईचं लग्न झालेलं असण्याची अटही उरलेली नाही. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला झोप लागावी म्हणून.

त्यानंतर मी कांडी वापरायला लागले. लूमच्या धोट्यात बाण्याचं सूत भरलेली जी कांडी असते ती. आमच्याकडे बायका घरखर्चासाठी कांड्या भरतात, त्यामुळे रिकामी कांडी कुठल्याही घरात मिळते. पाच-सहा जणी बसल्या की मी कांडीवर दाखवते. पाकीट दातांनी नाही, बोटांनी फाडायचं. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचा, आणि हे सगळं स्पर्श होण्याआधी, मध्येच आठवलं म्हणून नाही. संपल्यावर कड धरून लगेच बाहेर यायचं. दर वेळी नवा. दोन एकावर एक कधीच नाही, घासून फाटतात. बायका पदर तोंडाला लावून हसतात, हसू दे. माझे हात मात्र लक्ष देऊन बघत असतात. दर वेळी असा नीट वापरला तर वर्षात शंभरातल्या दोघींना दिवस जातात. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात, कधी घाईत, कधी विसरून, तसा वापरला तर तेरा जणींना. दोनाचे तेरा होतात की नाही ते या कांडीवरच्या दोन मिनिटांत ठरतं, असं मी म्हणते.

आणि टाकायचा कुठे, हेही. सार्वजनिक संडासात टाकला की तुंबतो. गटारात टाकला की पोरं उचलतात, फुगे करतात, आणि मग ज्या घरासमोर सापडला त्या घरच्या बाईचं नाव चार दिवस नळावर निघतं. गाठ मारून, कागदात गुंडाळून, घंटागाडीत. या एका भीतीपायी निरोध सोडलेल्या तीन बायका मला माहीत आहेत.

पण हे सगळं बोलणं पुन्हा बायकांशीच. तेलुगू वहिनीच्या नवऱ्याला खोबरेलाचं कोण सांगणार होतं? तीच. किती दिवस तीच?

आमच्याकडे लूमवाल्यांच्या खाणावळीला भिसी म्हणतात. पैशांची भिशी नव्हे. बायकामुलं गावी ठेवून आलेले, उत्तर प्रदेशचे, बिहारचे, तेलंगणचे पुरुष तिथे महिन्याच्या हिशोबावर जेवतात. माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी भिसी चालवते. पाळी बदलायच्या वेळी तिथे चाळीस-पन्नास ताटं उठतात. मी मावशीला म्हटलं, इथे एक डबा ठेवू दे. दवाखान्याच्या दाराजवळ असतो तसा, कुणी विचारायचं नाही, कुणी नाव लिहायचं नाही, हात घालून घ्यायचं. मावशी बराच वेळ पोळी लाटत राहिली. म्हणाली, "अगं, यांच्या बायका तर गावाला. मग हे कुणासाठी? लोक म्हणतील मी काय शिकवते पोरांना." मी म्हटलं, "मावशी, तू शिकव न शिकव, ते जातात तिथे जातातच. आणि दिवाळीला, ईदला गावी जातात तेव्हा जे काही अंगाला लावून घेतलं असेल ते घेऊन जातात. एचआयव्ही, गुप्तरोग आणि दिवस जाणं, तिन्हीला अडवणारी एवढी एकच वस्तू माझ्या पिशवीत आहे." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी हात धुवायच्या नळाजवळ, चुन्याच्या डबीच्या वर तिने स्वतः खिळा ठोकला होता.

पहिल्या आठवड्यात डबा दोनदा रिकामा झाला आणि गल्लीत फुगेच फुगे. मावशी चिडली, मी रडकुंडीला आले. मग डबा हातभर वर चढवला, पोरांच्या उंचीबाहेर. तिसऱ्या आठवड्यात पाकिटं कमी जायला लागली, पण फुगे थांबले. मला तेवढं पुरे होतं.

त्याच सुमारास अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट पाहिला, र. धों. कर्व्यांवरचा, २००१ सालचा. नाव शाळेत ऐकलं होतं ते त्यांच्या वडिलांचं, महर्षींचं. मुलाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली, १९२७ च्या जुलैपासून मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, कोर्टात खेचले गेले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पत्नी मालतीबाईंनी साथ दिली. नंतर कुणाकडून तरी पुस्तकं आणून वाचत राहिले आणि एका गोष्टीशी अडले. त्याच १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र सुरू झालं, तिथे बायकांना आत बसवायची रबरी टोपी देत आणि ती कशी बसवायची ते शिकवत. म्हणजे गर्भनिरोधक गोळी यायच्या चाळीस वर्षं आधी अडसराचं साधन बाईच्या स्वतःच्या हातात होतं. आज माझ्या पिशवीत तसं एकही नाही. बायकांचा कंडोम मी एकदाच प्रशिक्षणात हातात घेतला. दुकानात क्वचित मिळतो, आणि किंमत ऐकून आमच्या गल्लीतली बाई घेणार नाही. रोजची गोळी, आठवड्याची छाया गोळी, अंतरा इंजेक्शन, तांबी हे बाईच्या हातात आहे, आणि नवरा ऐकतच नसेल तर मी तेच सुचवते. पण त्यातलं काहीही तिला नवऱ्याच्या आजारापासून वाचवत नाही. शंभर वर्षांत आपण तिच्या हातातलं अडसराचं साधन काढून घेतलं आणि तिला निरोप पोचवणारी केलं.

गेल्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात भिसीत डबा भरत होते. रातपाळीचा एक लूमवाला, पस्तिशीचा, चार महिन्यांत माझ्याशी अवाक्षर न बोललेला, नळाशी हात धूत थांबला. म्हणाला, "दीदी, गाँव जा रहा हूँ, डेढ़ महीने के लिए. कितना ले जाऊँ?" मी विचारलं, घरी काय वापरता? बायकोला गोळीने चक्कर येते, गावचा दवाखाना लांब, तीन मुलं झाली, आता तिला नको आहे आणि त्यालाही. त्याने हे मला सांगितलं. तिने नाही, त्याने. मी वीस पाकिटं मोजून दिली. तो ती बॅगेत अत्तराच्या बाटलीशेजारी ठेवायला लागला. मी म्हटलं, तिथे नको, तेल गळलं तर वाया जातील, कपड्यांच्या घडीत मध्ये ठेवा, आणि गाडीत बॅग खिडकीच्या उन्हात नको. त्याने बॅग पूर्ण उपसली. बायकोसाठी घेतलेल्या हिरव्या सूटच्या घडीत पाकिटं ठेवली, पुन्हा सगळं भरलं.

घरी येऊन नोंद करायला बसले. आमची वही पात्र जोडप्यांची: बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, बाईचं वय, मुलं, साधन. ज्याची बायको गावी, आझमगडला आहे त्याला त्या वहीत रकानाच नाही. भिसीतल्या चाळीस-पन्नास जणांपैकी कुणालाच नाही. वही उलटी केली, मागच्या कोऱ्या पानावर पट्टीने रेघ मारली आणि लिहिलं: भिसी, पुरुष एक, पाकिटं वीस.